जबाब देण्याआधी : पाहिलेलं नीट आठवायचं कसं?

कन्नडहून चाळीसगावकडे उतरणारा औट्रम घाट ज्यांच्या रोजच्या वाटेवर आहे, त्यांनी कधी ना कधी तिथे उलटलेला ट्रक किंवा कठड्याला धडकलेली दुचाकी पाहिलेली असते. थांबणारे थांबतात, मदत करतात, जखमीला रुग्णवाहिकेत चढवतात. अडचण त्यानंतर सुरू होते. पोलीस नाव-पत्ता विचारतात, काही दिवसांनी जबाब होतो आणि दोन-तीन वर्षांनी एखाद्या दुपारी न्यायालयाचं समन्स दारात येतं. तोवर पाहिलेलं बरंच काही धूसर झालेलं असतं.

वाचकांचे प्रश्न इथूनच येतात आणि फिरून फिरून तेच येतात. आता नीट आठवत नाही, तर खोटं बोलल्याचा ठपका येईल का? जबाबात एक लिहिलंय आणि आठवतंय दुसरं, मग सांगायचं काय? भाऊ आणि मी एकाच गाडीत होतो, तरी दोघांना वेगवेगळं कसं आठवतं? आमच्यापैकी एकजण खोटा ठरणार का?

या प्रश्नांची निम्मी उत्तरं कायद्याच्या पुस्तकात आहेत आणि निम्मी मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत. साक्षीदारापर्यंत दोन्ही सहसा पोहोचत नाहीत, म्हणून ती इथे एकत्र दिली आहेत. उदाहरण घाटातल्या अपघाताचं असलं, तरी चोरी, मारामारी, शेताच्या बांधावरचा तंटा अशा कोणत्याही प्रसंगाला हेच लागू पडतं.

आठवण बदलते, म्हणजे नेमकं काय होतं?

१९७४ मध्ये अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटार अपघातांच्या छोट्या फिती दाखवल्या आणि गाड्यांचा वेग विचारला. फीत तीच, प्रश्न तोच, फरक फक्त क्रियापदात. गाड्या एकमेकींवर ‘आदळल्या’ तेव्हा वेग किती होता, असं विचारल्यावर सरासरी उत्तर आलं ताशी सुमारे ४१ मैल. एकमेकींना ‘लागल्या’ अशा अर्थाचा सौम्य शब्द वापरला, तेव्हा तेच उत्तर ३२ मैलांच्या आसपास उतरलं.

दुसऱ्या प्रयोगात आठवड्याने विचारण्यात आलं : फुटलेली काच दिसली का? फितीत फुटलेली काच नव्हतीच. तरी ज्यांना ‘आदळल्या’ या शब्दात प्रश्न विचारला होता, त्या ५० जणांपैकी १६ जणांनी ‘हो’ म्हटलं. सौम्य शब्द ऐकलेल्या ५० जणांत असे ७ निघाले. यांपैकी कुणीही खोटं बोलत नव्हतं. नंतर कानावर पडलेला शब्द डोळ्यांनी पाहिलेल्या दृश्यात मिसळला होता.

उंदरांवरच्या प्रयोगातून आणखी एक गोष्ट कळली. २००० मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठात करीम नादेर आणि सहकाऱ्यांनी उंदरांना एका आवाजाची भीती शिकवली : आवाज झाला की पायाला विजेचा झटका. नंतर तोच आवाज ऐकवून आठवण जागी केली आणि मेंदूत नवी प्रथिनं तयार होऊ न देणारं औषध टोचलं. भीतीची आठवण विझली. आठवण जागी न करता तेच औषध दिलं, तेव्हा ती शाबूत राहिली. म्हणजे पक्की झालेली आठवणसुद्धा बाहेर काढली की काही काळ नाजूक होते आणि पुन्हा साठवली जाते. माणसाच्या बाबतीत हे चित्र अधिक गुंतागुंतीचं आहे. पण चार ठिकाणी चार वेळा रंगवून सांगितलेली हकीकत मूळ प्रसंगापासून सरकते, हे माणसांवरच्या प्रयोगांतूनही दिसलेलं आहे.

तिसरी गोष्ट वेळेची. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की विसरणं सुरुवातीच्या तासाभरात सर्वांत वेगाने होतं आणि नंतर मंदावतं. साक्षीदाराच्या दृष्टीने या सगळ्यातून दोनच गोष्टी उरतात : लवकर लिहा आणि एकट्याने लिहा.

पहिला तासभर

- जीव आधी. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलीस आणि इतर तातडीच्या मदतीसाठी ११२, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३. आठवणीचा विचार त्यानंतर.
- हद्दीच्या वादात पडू नका. घाटाचा माथा कन्नड तालुक्यात, पायथा जळगाव जिल्ह्यातल्या चाळीसगाव तालुक्यात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. “ही आमची हद्द नाही” हे उत्तर कायद्याला मान्य नाही.
- मदत केली म्हणून अडकाल, ही भीती सोडा. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४-अ अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्याला दिवाणी आणि फौजदारी कारवाईपासून संरक्षण देतं. नाव-पत्ता सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. गंभीर जखमीला पहिल्या तासात रुग्णालयात पोहोचवणाऱ्यासाठी केंद्राची ‘राह-वीर’ योजना आहे आणि २०२५ पासून तिचं बक्षीस २५,००० रुपये आहे.
- रस्त्यावरच्या गोलात उभं राहून हकीकत जुळवत बसू नका. दहा माणसं जमतात, त्यांतल्या दोघांनीच प्रत्यक्ष पाहिलेलं असतं आणि पाच मिनिटांत दहाही जणांची गोष्ट एक होते.
- फोटो काढायचे तर जखमींचे नकोत. रस्ता, वळण, टायरच्या खुणा, वाहनांच्या नंबरपाट्या आणि तुम्ही उभे होतात तिथून घटनास्थळ कसं दिसत होतं, एवढं पुरे. हा शेवटचा फोटो कुणी काढत नाही, आणि उलटतपासात हमखास विचारतात ते हेच : “तुम्ही होतात तिथून ते दिसत होतं का?”

टिपण कसं लिहावं?

घरी पोहोचल्यावर, शक्यतो त्याच दिवशी, कुणाशीही चर्चा करण्याआधी कागद-पेन घ्या. याला शास्त्राचा भक्कम आधार आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेत रोनाल्ड फिशर आणि एडवर्ड गायझेलमन यांनी साक्षीदारांना बोलतं करण्याची एक पद्धत बसवली : आधी मनाने त्या जागी परत जायचं, मग सुचेल ते सगळं सांगायचं, नंतर घटनाक्रम उलटा सांगून पाहायचा. एरवीच्या चौकशीपेक्षा या पद्धतीने बरोबर तपशील बरेच जास्त मिळतात, चुकांत मात्र फारशी भर पडत नाही. २००९ मध्ये फिओना गॅबर्ट, लॉरेन होप आणि फिशर यांनी साक्षीदाराने स्वतःच भरायचा नमुना तयार केला. तो ताबडतोब भरणाऱ्यांना पुढे जास्त आणि अचूक आठवलं.

मूळ पद्धतीत “दुसऱ्याच्या जागेवरून ते कसं दिसलं असतं ते सांगा” अशीही एक पायरी आहे. ती वगळलेली बरी. दुसऱ्याच्या जागेवरून माणूस आठवत नाही, अंदाज करतो.

आता टिपणाचा सांगाडा. १९९८ मध्ये निकोला क्लेटन आणि अँथनी डिकिन्सन यांनी खाद्य लपवून ठेवणाऱ्या स्क्रब-जे जातीच्या पक्ष्यांवर प्रयोग केला. या पक्ष्यांना अळ्या जास्त आवडतात, पण अळ्या सडतात आणि शेंगदाणे टिकतात. लपवल्याला चारच तास झाले असतील तर पक्षी अळ्यांकडे जात. १२४ तास उलटले असतील तर अळ्या सोडून शेंगदाण्यांकडे. काय लपवलं, कुठे आणि किती वेळापूर्वी, हे तिन्ही ते धरून ठेवत होते. माणसाला ‘काय’ आणि ‘कुठे’ बऱ्यापैकी आठवतं; ‘केव्हा’ आणि ‘आधी काय, मग काय’ इथे गल्लत होते. म्हणून टिपणात या तिसऱ्या प्रश्नावर जास्त जागा खर्च करा.

- तारीख, वार, अंदाजे वेळ आणि ती वेळ कशावरून सांगता तेही लिहा : मोबाइलमधला कॉल, पेट्रोलची पावती, एसटी सुटण्याची वेळ.
- तुम्ही कुठे होतात, तोंड कुठल्या दिशेला होतं, मध्ये काय आड येत होतं. पावसाळ्यात घाटात धुकं असतं, रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात. हे सगळं लिहा, लपवू नका. अडचण लिहिणारा साक्षीदार जास्त विश्वासार्ह ठरतो.
- तीन मथळे वेगळे ठेवा : पाहिलं, ऐकलं, वाटलं. अपघाताचे कितीतरी साक्षीदार मोठा आवाज झाल्यावर मान वळवतात. त्यांनी धडक पाहिलेली नसते. धडकेनंतरचं दृश्य पाहिलेलं असतं, आणि मधला क्षण मन स्वतःच भरून काढतं. “आवाज आल्यावर पाहिलं” हे वाक्य टिपणात आलंच पाहिजे.
- जिथे आठवत नाही तिथे “आठवत नाही” असंच लिहा. रिकामी जागा भरू नका.
- खाली तारीख, वेळ आणि सही. पानाचा फोटो काढून स्वतःलाच ई-मेल केला, तर केव्हा लिहिलं याची नोंद राहते.

नंतर एखादा तपशील आठवला तर मूळ पानावर खाडाखोड करू नका. वेगळ्या पानावर, त्या दिवसाची तारीख घालून लिहा.

भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १६२ नुसार, घटनेच्या वेळी किंवा ती ताजी असताना स्वतः लिहिलेलं टिपण साक्षीदाराला साक्ष देताना पाहता येतं. मात्र ते पाहिलंत, तर विरुद्ध बाजूच्या वकिलालाही ते पाहण्याचा आणि त्यावर उलटतपास घेण्याचा हक्क मिळतो. टिपणात कुणाबद्दल शेरेबाजी नको, हे त्यासाठीही.

गप्पा, व्हिडिओ आणि गावातला ग्रुप

२००३ मध्ये गॅबर्ट आणि सहकाऱ्यांनी दोघादोघांना एकाच घटनेच्या थोड्या वेगळ्या फिती दाखवल्या. दोघांनाही वाटत होतं की आपण एकच फीत पाहिली. नंतर त्यांना आपसांत बोलू दिलं. बोललेल्यांपैकी ७१ टक्के लोकांनी आपल्या उत्तरात असा निदान एक तपशील घातला, जो फक्त जोडीदारानेच पाहिला होता.

आजच्या गावात हा प्रयोग रोज घडतो. अपघाताची क्लिप अर्ध्या तासात तालुकाभर फिरते आणि ज्याने घटना पाहिली तोही ती दहा वेळा पाहतो. दोन वर्षांनी तो न्यायालयात उभा राहतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर वळण असतं की मोबाइलचा पडदा, हे त्यालाही सांगता येत नाही. म्हणून जबाब होईपर्यंत क्लिप पाहू नका. पाहिली असेल, तर तसं पोलिसांना सांगा.

आणि खात्रीवर जाऊ नका. अमेरिकेचं चॅलेंजर यान १९८६ मध्ये कोसळलं, तेव्हा उल्रिक नायसर आणि निकोल हार्श यांनी दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं : बातमी कुठे ऐकली, कुणाकडून, तेव्हा काय करत होता? अडीच वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना तेच विचारलं. सुमारे पाव जणांचं उत्तर मुख्य तपशिलांत पूर्ण चुकलं होतं, आणि तरी अनेकांना आपल्या चुकीच्या आठवणीची भक्कम खात्री होती. याची पडताळणी घरीही करता येईल. मराठवाड्यातल्या पन्नाशीच्या पुढच्या भावंडांना वेगवेगळं बसवून विचारा : ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, ती बातमी तुम्हाला कुणी आणि कुठे सांगितली? आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, त्यामुळे दिवस सगळ्यांच्या लक्षात असतो. उत्तरं जुळली नाहीत तर भावंडांना खोटं ठरवू नका.

दोन भाऊ एकाच गाडीत असूनही त्यांना वेगळं का आठवतं, याचं उत्तर यातच आहे. दोन प्रामाणिक साक्षी तपशिलात थोड्या वेगळ्या असतात. शब्दशः जुळणाऱ्या साक्षी पाहिल्या की अनुभवी न्यायाधीशांना उलट पढवणुकीची शंका येते. घरी बसून ‘एक बोलू या’ असं ठरवू नका.

पोलीस जबाब घेतात तेव्हा

आधी तीन कागदांतला फरक ओळखा. फिर्यादीवर ती देणाऱ्याची सही असते आणि तिची प्रत त्याला विनामूल्य मिळते. पंचनाम्यावर पंचांची सही असते. साक्षीदाराच्या जबाबावर मात्र सही घ्यायची नसते. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८१ तसं स्पष्ट सांगतं. कोऱ्या कागदावर तर कुणीच, कधीच सही करू नये.

- कलम १७९ नुसार १५ वर्षांखालील मुलगा, ६० वर्षांवरील पुरुष, कोणत्याही वयाची स्त्री, शारीरिक किंवा मानसिक अपंग व्यक्ती आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना जबाबासाठी पोलीस ठाण्यात यायला भाग पाडता येत नाही. पोलिसांनी त्यांच्या राहत्या ठिकाणी यायचं असतं.
- अपघातात मदत करणारा स्वखुशीने साक्षीदार झाला, तर त्याच्या सोयीच्या वेळी आणि ठिकाणी, एकाच बैठकीत, साध्या वेशातल्या अधिकाऱ्याने जबाब घ्यावा, असं केंद्रीय मोटार वाहन नियम सांगतात.
- जबाबाचं ध्वनिचित्रमुद्रण करण्याची तरतूद कायद्यात आहे. तशी विनंती जरूर करा. तुमचे शब्द तुमचेच राहण्याची ती सर्वांत चांगली सोय आहे.

शब्दांचा मुद्दा किरकोळ नाही. आपल्याकडे अपघाताच्या कागदपत्रांत एक ठरलेली ओळ असते : चालकाने ‘हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगाने’ वाहन चालवून धडक दिली. लिहिणाऱ्याच्या हाताला ती सवयीने येते. लॉफ्टस यांचा प्रयोग आठवा. तुम्ही म्हणालात “गाडी जोरात होती” आणि कागदावर उतरलं ‘भरधाव’, तर पुढे तोच शब्द तुमच्या आठवणीत शिरतो. शिवाय तो पुराव्याला फारसा कामाचाही नाही. वाहन ‘अतिवेगात’ होतं एवढ्या विधानावरून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातल्या एका खटल्यात १९९८ मध्ये सांगितलेलं आहे.

त्याऐवजी पाहिलेलं सांगा : वळणावर हॉर्न ऐकू आला नाही, टेम्पो मधला पांढरा पट्टा ओलांडून आला होता, ब्रेक लागल्याचा आवाज धडकेनंतर आला. लिहून झाल्यावर जबाब वाचून दाखवायला सांगा आणि चुकलेलं तिथेच दुरुस्त करून घ्या. महत्त्वाचा तपशील राहून गेला, तर तो पुढे ‘नंतर सुचलेला’ ठरवला जाऊ शकतो.

ओळखपरेड

यात चूक झाली तर निरपराध माणूस तुरुंगात जातो, म्हणून थोडं सविस्तर.

१९८४ मध्ये अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात एका विद्यार्थिनीवर अत्याचार झाला. गुन्हेगाराचा चेहरा लक्षात ठेवायचाच, असा निश्चय करून तिने तो निरखला होता. पोलिसांनी दाखवलेल्या फोटोंतून तिने बराच विचार करून रोनाल्ड कॉटन याला निवडलं, नंतर प्रत्यक्ष रांगेतही त्यालाच. तू निवडलेला माणूस तोच, असं तिला सांगण्यात आलं आणि तिची खात्री पक्की झाली. कॉटन दहा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात राहिला. १९९५ मध्ये डीएनए तपासणीने तो निर्दोष ठरला. खरा गुन्हेगार दुसराच निघाला. ती मुलगी प्रामाणिक होती, हुशार होती, तिने जवळून पाहिलं होतं. रांगेत तिला ओळखीचा वाटलेला चेहरा फोटोतला होता.

‘बरोबर ओळखलंत’ या एका वाक्याचा परिणाम किती होतो, हे गॅरी वेल्स आणि एमी ब्रॅडफिल्ड यांनी १९९८ मध्ये मोजलं. चुकीचा माणूस निवडलेल्यांनाही शाबासकी मिळाल्यावर, आपण चेहरा नीट पाहिला होता आणि आपल्याला पहिल्यापासून खात्री होती, असं वाटू लागलं.

भारतात ओळखपरेड दंडाधिकाऱ्यापुढे होते आणि पोलिसांनी तिथे नसावं, हा दंडक जुना आहे. मुंबईत १९५१ मध्ये लॉइड्स बँकेवर पडलेल्या दरोड्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांच्या उपस्थितीतल्या ओळखीचा प्रश्न तपशिलाने हाताळला होता. तुमच्यापुरतं एवढं करा :

- परेडीआधी संशयिताचा फोटो, बातमी, ग्रुपवरची पोस्ट पाहू नका. पोलीस ठाण्यात त्याला आधी दाखवलं गेलं असेल, तर परेडीच्या सुरुवातीलाच दंडाधिकाऱ्यांना सांगा. हे सांगणं तुमचं कर्तव्य आहे, तक्रार नव्हे.
- “यांच्यात तो नाही” आणि “खात्री नाही” ही दोन्ही उत्तरं पूर्ण आहेत. रांग उभी केली म्हणजे कुणीतरी निवडायलाच हवं, असं नाही.
- किती खात्री आहे, ते निवडतानाच सांगा आणि नोंदवून घ्या. नंतर वाढलेल्या खात्रीला किंमत कमी.
- गुन्हेगाराच्या हातात कोयता किंवा पिस्तूल असेल, तर नजर शस्त्रावर खिळते आणि चेहरा निसटतो. १९८७ च्या एका प्रयोगात डोळ्यांच्या हालचाली मोजून हे दाखवलं गेलं. चेहरा आठवत नसल्याची लाज वाटून घेऊ नका.

मूल साक्षीदार असेल तर

मुलं खोटं बोलतात, हा समज चुकीचा आणि मुलांना सगळं लख्ख आठवतं, हाही. मोकळा प्रश्न विचारला तर लहान मूल थोडं सांगतं, पण बहुधा बरोबर सांगतं. तोच सूचक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला, की मोठ्यांना हवं ते उत्तर देऊ लागतं. म्हणून घरच्यांनी “काय झालं ते सांग” एवढंच विचारावं, मूल जे बोललं ते त्याच्या शब्दांत लिहावं आणि थांबावं. मामा, काकू, शेजारी असं प्रत्येकाने येऊन विचारणं बंद करा.

लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पॉक्सो कायदा जास्त संरक्षण देतो. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेशाशिवाय घ्यायचा. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. न्यायालयात वकील त्याला थेट प्रश्न विचारत नाहीत. ते न्यायाधीशांकडे देतात. गुन्ह्याची दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष नोंदवावी, अशी तरतूद आहे. आठवणीच्या दृष्टीने ती अतिशय शहाणपणाची आहे, म्हणून तारखा पुढे जाऊ लागल्या तर वकिलामार्फत तिची आठवण करून द्या.

कुत्र्याची साक्ष आणि मेंदूची साक्ष

पोलिसांचं श्वानपथक गावात आलं आणि कुत्रं एखाद्या दारात थांबलं, की गाव निकाल देऊन मोकळं होतं. कुत्र्याची वासाची आठवण विलक्षण असते, यात शंका नाही. पण महाराष्ट्रातल्या रेल्वे घातपाताच्या एका खटल्यात, अब्दुल रझाक दफेदार प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये अडचण नेमकी मांडली : कुत्र्याला साक्षीच्या पिंजऱ्यात उभं करून शपथ देता येत नाही आणि त्याचा उलटतपासही घेता येत नाही. असा पुरावा तपासाची दिशा दाखवू शकतो. त्याला स्वतःचं वजन फार नसतं. तेव्हा “कुत्रं त्याच्या घरी गेलं होतं” हे ऐकून आपली आठवण वाकवू नका.

दुसरा प्रश्न यंत्राचा. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात इतर पुराव्याबरोबर मेंदूतल्या विद्युतलहरींच्या चाचणीचा आधार घेतला होता. आरोपीच्या मेंदूत प्रत्यक्ष अनुभवाची आठवण सापडते, असा त्या चाचणीचा दावा होता. जगभरच्या मेंदूशास्त्रज्ञांनी त्यावर आक्षेप घेतले. ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की नार्को, पॉलिग्राफ किंवा मेंदूलहरींची चाचणी कुणावरही सक्तीने करता येणार नाही. यात साक्षीदारही आले. पॉलिग्राफसाठी तर संमतीही वकिलाशी बोलण्याची संधी देऊन, दंडाधिकाऱ्यापुढे नोंदवावी लागते. ‘काही लपवायचं नसेल तर करून घ्या’ या युक्तिवादाला भुलू नका.

समन्स आल्यावर

समन्स टाळू नका; न गेल्यास वॉरंट निघू शकतं. तारखेआधी स्वतःचं टिपण वाचा. शक्य असेल तर त्या जागी जाऊन या, कारण ठिकाण पाहिलं की तिथे घडलेलं अधिक आठवतं. मात्र रस्ता रुंद झाला असेल, कठडा नवा बांधला असेल, तर आजचं दृश्य जुन्यात मिसळू देऊ नका.

सरकारी वकिलांना भेटून साक्षीचा क्रम समजून घेण्यात गैर काही नाही. आदल्या दिवशी पोलीस ठाण्यात बोलावून ‘असं असं सांगायचं’ म्हणून शिकवलं जात असेल, तर ते गैर आहे. तमिळनाडूतल्या एका खटल्यात अशी पढवणूक उघड झाली आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कठोर ताशेरे ओढून आरोपीला मुक्त केलं. धमक्या येत असतील तर २०१८ च्या साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज करता येतो. सरकारी वकील किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करा.

तुम्हाला बोलावणाऱ्या बाजूच्या सरतपासात सूचक प्रश्न सहसा विचारता येत नाहीत, उलटतपासात येतात. “दिवे लागलेले नसलेला ट्रक तुम्ही पाहिला ना?” अशा प्रश्नात दोन गोष्टी गुंफलेल्या असतात. त्या सोडवून उत्तर द्या : ट्रक पाहिला, दिव्यांचं आठवत नाही. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगा. जबाबात वेगळं लिहिलेलं दाखवलं, तर घाबरून होला हो करू नका. “तेव्हा जास्त ताजं होतं, आज मला असं आठवतं” हे खरं असेल तर तेच सांगा.

सुरुवातीच्या पहिल्या प्रश्नाचं, खोटं बोलल्याच्या ठपक्याचं, उत्तर आता. प्रामाणिक चूक म्हणजे खोटी साक्ष नव्हे. खोट्या साक्षीच्या गुन्ह्यासाठी विधान असत्य आहे हे ठाऊक असावं लागतं, किंवा ते खरं असल्याचा विश्वास नसावा लागतो. पण याच तरतुदीत आणखी एक गोष्ट आहे : जे ठाऊक नाही ते ठाऊक असल्याचं सांगणं, हेही त्या गुन्ह्यात बसू शकतं. म्हणजे “आठवत नाही” म्हणण्यात धोका नाही, धोका आहे तो रिकामी जागा रेटून भरण्यात.

न्यायालयांनाही माणसाच्या आठवणीची मर्यादा ठाऊक आहे. गुजरातच्या भारवाडा भोगिनभाई प्रकरणात १९८३ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की साक्षीदाराकडून छायाचित्रासारख्या स्मरणाची अपेक्षा करता येत नाही. वेळेचा अंदाज चुकतो, घटनांचा क्रम उलटसुलट होतो, संभाषण शब्दशः आठवत नाही आणि न्यायालयाच्या वातावरणात खरा माणूसही गोंधळतो. त्यामुळे गाभा शाबूत असेल, तर किरकोळ विसंगतीमुळे साक्ष फेकून देऊ नये.

साक्ष मराठीत द्या. कन्नडच्या न्यायालयात तो तुमचा हक्क आहे. साक्ष झाली की ती वाचून दाखवायची असते. थकलेलं असताना “वाचायची गरज नाही” असं म्हणू नका. लक्ष देऊन ऐका, चुकीचा शब्द दिसला तर न्यायाधीशांना तिथेच सांगा. तुमचा आक्षेप नोंदवला जातो. आणि निघण्यापूर्वी सरकारी साक्षीदाराला मिळणाऱ्या प्रवासभत्त्याची चौकशी न्यायालयाच्या कार्यालयात करायला विसरू नका. एसटीचं तिकीट जपून ठेवा.